माल्टाचा पिवळा दगड

माल्टाला जाऊन आलेल्या कुणाचेही फोटो बघा, त्यात निळं पाणी असतं, पांढरी बोट असते, आणि मग परत निळं पाणी असतं. ते पाणी खरंच सुंदर आहे, त्याबद्दल माझा वाद नाही. पण मी तिथून आल्यापासून मला आठवतो तो दगड. पिवळा, मऊ, हात फिरवला की बोटांना बारीक भुकटी लागणारा दगड. आख्खा देश त्या एका दगडातून उभा राहिलाय, साडेपाच हजार वर्षांपूर्वीची देवळं त्याचीच, राजवाडे त्याचेच, चर्चचे घुमट त्याचेच, आणि परवा परवा बांधलेली सामान्य माणसाची घरं पण त्याचीच.

माझे वडील बांधकामावर मुकादम होते. त्यामुळे भिंत दिसली की आधी सांधा बघायचा, कोपरा ओळंब्यात आहे का बघायचं, दरजा कशा भरल्यात बघायचं ही सवय लहानपणापासूनची. माझी भाची तिकडे नर्स आहे, तिच्याकडे राहायला गेले तेव्हा पहिल्याच संध्याकाळी तिच्या गल्लीतल्या एका जुन्या घराच्या भिंतीपाशी मी थांबले ती थांबलेच, आणि ती म्हणाली, "आत्या, अगं हे साधं घर आहे, बघायचं ते पुढं आहे." पण मला तिथंच बघायचं होतं. चुन्याचा सांधा इतका बारीक की नखसुद्धा आत जाईना.

देश केवढा, तर ३१६ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या निम्म्याच्या आसपास. मुख्य बेटं तीन, माल्टा, गोझो आणि मधलं चिमुकलं कोमिनो. सिसिलीच्या खाली, भूमध्य समुद्राच्या जवळजवळ मधोमध. एवढ्याशा जागेवर फिनिशियन, रोमन, अरब, नॉर्मन, मग ते सेंट जॉनचे नाइट्स म्हणजे एका ख्रिस्ती लष्करी संघटनेचे सरदार, मग नेपोलियन, मग इंग्रज असे सगळे येऊन गेले आणि प्रत्येकानं काहीतरी बांधून ठेवलं. स्वातंत्र्य मिळालं १९६४ मध्ये. गाईड लोक तुम्हाला हा सगळा इतिहास राजांच्या आणि सरदारांच्या नावानं सांगतात, अमक्यानं किल्ला बांधला, तमक्यानं चर्च बांधलं. मी मुकादमाची मुलगी, मला प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न पडायचा, की अहो हे बांधलं कुणी? म्हणजे खरोखर हातानं कुणी बांधलं?

आता दगडाबद्दल थोडं सांगते कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. तिथं दोन जातीचे दगड आहेत. एक कडक, करडा, खडबडीत, आणि दुसरा हा पिवळा मऊ चुनखडक, ज्याला ते लोक फ्रांका म्हणतात. खाणीतून नुकता काढला की फिकट असतो आणि करवतीनं कापता येतो, खरंच करवतीनं. पुढं हवेनं त्याला वरून थोडा टणकपणा येतो आणि वर्षं जातील तसा तो मधासारखा गडद होत जातो. त्यामुळे कोरीव काम करायला याच्यासारखा दगड नाही, पण खारा वारा त्याला खातो. भिंतीला बारीक बारीक भोकं पडत जातात आणि मग एक दिवस पापुद्रा सुटून येतो. म्हणजे जे बांधाल ते सतत कुणीतरी सांभाळलं पाहिजे, नाहीतर ते गेलं.

देवळांपासून सुरुवात करावी. गोझो बेटावर जगांतिया म्हणून जागा आहे, तिथली बांधणी इसवी सनापूर्वी ३६०० च्या आसपासची. इजिप्तचा तो गिझाचा मोठा पिरॅमिड याच्यानंतर हजार वर्षांनी झाला, हे वाक्य तिथल्या प्रत्येक पाटीवर आणि प्रत्येक गाईडच्या तोंडी आहे, आणि ते ऐकून ऐकून गुळगुळीत झालेलं असलं तरी भिंतीसमोर उभं राहिल्यावर अंगावर काटा येतोच. धातूचं हत्यार नाही. चाक असल्याचा पुरावा नाही. बाहेरची भिंत कडक दगडाची आणि आतलं काम मऊ पिवळ्या दगडाचं, म्हणजे बघा, कुठला दगड वाऱ्यापावसाला तोंड देईल आणि कुठला कोरता येईल हे त्या माणसांना तेव्हा माहीत होतं. हे एका दिवसात कळत नाही. आधी कितीतरी भिंती बांधून, पडताना बघून, आजोबानं नातवाला सांगून कळतं.

गोझोचे लोक सांगतात की हे देऊळ सान्सुना नावाच्या राक्षसिणीनं बांधलं, एका हाताशी पोर, डोक्यावर दगड आणि तोंडात वालासारख्या शेंगांचे दाणे चघळत चघळत. मला ही गोष्ट फार आवडली. कारण आपल्याकडच्या कुठल्याही साइटवर जा, पोराला पाठीशी बांधून डोक्यावर घमेलं घेऊन चढणारी बाई दिसतेच. इतिहासकार म्हणतील दंतकथा आहे, असू दे, पण कुणीतरी ती बाई बघितली असणार म्हणून ती गोष्टीत आली.

मुख्य बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर हजार ईम आणि त्याच्या खाली उतारावर म्नाइद्रा. हजार ईम जवळपास पूर्ण मऊ दगडाचं, म्हणून ते जास्त झिजलंय, भिंतींची अक्षरशः चाळण झाल्यासारखी. त्यात एक शिळा आहे ती २० टनांच्या घरातली. आता २००९ पासून दोन्ही देवळांवर मोठे पांढरे तंबू ताणलेत, उन्हापावसापासून वाचवायला. बरेच लोक त्या तंबूंवर नाराज असतात, फोटो बिघडतो म्हणतात. मला ते तंबू बघून बरं वाटलं. घरात आजारी माणूस असेल तर आपण खिडकीला पडदा लावतोच ना. आणि म्नाइद्राला तर २००१ मध्ये काही लोकांनी रात्री घुसून कितीतरी शिळा पाडल्या होत्या, त्या एक एक करून परत जागेवर बसवाव्या लागल्या, ते काम करणाऱ्यांनी काय मन लावून केलं असेल.

म्नाइद्राच्या खालच्या देवळाची गंमत म्हणजे, दिवस आणि रात्र सारखी असतात त्या दोन वेळांना, मार्चात आणि सप्टेंबरात, उगवत्या सूर्याचा किरण मुख्य दारातून थेट आत जातो, देवळाच्या मधल्या रेषेवरून. आणि उन्हाळ्यातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी आणि हिवाळ्यातल्या सगळ्यात लहान दिवशी तोच किरण आतल्या दाराच्या दोन बाजूंच्या शिळांच्या कडेवर पडतो. म्हणजे कुणीतरी वर्षानुवर्षं पहाटे उठून त्या टेकडीवर उभं राहून खुणा केल्या असतील. मी गेले तेव्हा तसा दिवस नव्हता, साधं दुपारचं ऊन होतं, समोर समुद्रात फिल्फला नावाचा एक सुळका बेटासारखा दिसत होता, आणि मी त्या दाराच्या उंबऱ्याकडे बघत बसले, किती पायांनी तो गुळगुळीत झालाय म्हणून.

या देवळांतल्या खऱ्या मूर्ती आता व्हलेटाच्या, म्हणजे राजधानीच्या, पुरातत्त्व म्युझियममध्ये आहेत. तिथं एका वेगळ्या छोट्या खोलीत, काचेत, अंधारात फक्त तिच्यावर उजेड टाकून ठेवलेली 'झोपलेली बाई' आहे. मातीची मूर्ती, लांबी जेमतेम १२ सेंटिमीटर, माझ्या तळहातावर मावेल एवढी. मी जवळजवळ नाक काचेला लावून बघितली. एका कुशीवर झोपलीये, एक हात डोक्याखाली, दुसरा हात पसरून आडवा छातीजवळ, कमरेवर घेरदार घागरा आणि त्याच्या काठाला झालर, दंड आणि मांड्या भरगच्च, पण पाऊल आणि डोकं अगदी एवढंसं. ज्या खाटेवर झोपलीये ती खाट मधे थोडी वाकलीये. तिच्या वजनानं! बनवणाऱ्यानं तेवढं बघितलं होतं, की जड माणूस झोपलं की खाट वाकते. रंगाचे लालसर डाग अजून कुठं कुठं आहेत. ती देवी आहे, की मेलेली बाई आहे, की स्वप्न बघणारी पुजारीण आहे, यावर विद्वानांचं एकमत नाही. मला ती दमून झोपलेली वाटली.

ती सापडली हाल सफ्लीनीच्या हायपोजियममध्ये, म्हणजे जमिनीखाली खोदलेल्या जुन्या दफनाच्या जागेत. पाओला नावाच्या साध्यासुध्या वस्तीत, दोन्ही बाजूंना घरं, आणि मधेच एक दार, बाहेरून कळणार पण नाही. आत गेलं की जमिनीखाली तीन मजले, सगळे खडकात खोदलेले. १९०२ मध्ये तिथं घरं बांधताना पाण्याची टाकी खोदणाऱ्या मजुरांची पहार थेट पोकळीत गेली, आणि काम अडेल म्हणून त्यांनी सुरुवातीला ते दडवून ठेवलं. त्यांना नावं ठेवायची सोपी आहेत, पण रोजावर काम करणाऱ्या माणसाचं काम थांबलं की चूल थांबते, हे मला माहितीये. पुढं मॅन्युएल माग्री नावाच्या पाद्रींनी तिथं खोदकाम केलं, ते १९०७ मध्ये ट्युनिशियात वारले आणि त्यांच्या टिपणांचा पत्ताच लागला नाही. मग थेमिस्टोक्लीझ झामित यांनी काम पुढं नेलं. हे झामित मुळात डॉक्टर, माल्टा फीवर म्हणून जो ताप होता तो शेळीच्या दुधातून पसरतो हे ज्यांनी शोधून काढलं तेच. त्यांच्या अंदाजानं तिथं सुमारे ७००० माणसांचे अवशेष होते.

आत एकावेळी १० माणसं, तासाला एक बॅच, बस. श्वासानं सुद्धा भिंतीवरचा रंग खराब होतो म्हणून आतली हवा मशीननं सांभाळतात. फोटो काढायचा नाही, बॅग बाहेर ठेवायची. आणि हे फार बरं आहे, कारण मोबाईल हातात नसला की माणूस बघतो. छतावर लाल गेरूनं काढलेली वळणं वळणं आहेत, वेलीसारखी एकातून एक निघणारी. आणि सगळ्यात आतली एक दालनाची भिंत आहे, तिथं माझे पाय थबकले. खडकातच खोदलेली, पण दिसते अशी की जणू उभ्या शिळांवर आडवी शिळा ठेवून वर एकेक थर थोडा थोडा आत घेत बांधलेली आहे. म्हणजे वरच्या बांधीव देवळाची हुबेहूब नक्कल खाली खोदून केलीये. आपल्याकडे भाज्याला, बेडश्याला लेण्यांत लाकडी वाड्याची नक्कल दगडात केली तसंच अगदी! खोदताना तुळईची गरज नसते, खडक स्वतःच छत आहे, तरी माणसाला वाटतं की देऊळ म्हणजे तुळई पाहिजे, खांब पाहिजे. आणि या नकलेवरूनच अभ्यासकांना अंदाज बांधता आला की वरच्या देवळांचं पडून गेलेलं छत कसं असेल. खाली खोदणाऱ्याला काय माहीत की आपण नकाशा जपून ठेवतोय.

इसवी सनापूर्वी २५०० नंतर कधीतरी ही देवळं बांधणारी संस्कृती संपली, आणि मागे कुणाचं एकही नाव राहिलं नाही.

नंतरच्या काळात नावंच नावं. १५३० मध्ये स्पेनच्या राजानं, पाचव्या चार्ल्सनं, ऱ्होड्समधून हाकललेल्या सेंट जॉनच्या सरदारांना ही बेटं दिली, भाडं म्हणून वर्षाला एक ससाणा. १५६५ मध्ये ऑटोमन तुर्कांचा मोठा वेढा पडला, मे ते सप्टेंबर, सेंट एल्मोचा किल्ला महिनाभर झुंजून पडला, पण बाकी बेट टिकलं. ८ सप्टेंबरला अजून तिथं सुट्टी असते. ला व्हालेट हे तेव्हाचे प्रमुख, त्यांच्या नावानं पुढच्या वर्षी, २८ मार्च १५६६ ला, व्हलेटा शहराचा पाया घातला. हे सगळं गाईड रंगवून सांगतात आणि सांगण्यासारखं आहेच. पण वेढ्यात लढलेल्यांत सरदार काही शे होते, बाकी हजारो लोक तिथलेच, गावातले, बायका आणि मुलं भिंतीवर दगड आणि उकळतं पाणी पोचवणारी. आणि त्याच्या आधी, १५५१ मध्ये, गोझोवर स्वारी झाली तेव्हा तिथली जवळजवळ सगळी वस्ती, सुमारे ५००० माणसं, गुलाम करून जहाजांतून नेली. गोझोच्या बालेकिल्ल्यावर, चिताडेल्लावर उभं राहून चारी बाजूंना शेतं दिसतात, घरं दिसतात, आणि डोळ्यापुढं येतं की हे सगळं एकदा रिकामं झालं होतं.

दुसऱ्या बाजूची गोष्ट पण तेवढीच खरी. सरदारांच्या गलबतांवर वल्ही मारणारे आणि तटबंदीच्या कामावर राबणारे गुलाम होतेच, बहुतेक उत्तर आफ्रिकेतून आणि तुर्की मुलखातून पकडून आणलेले मुसलमान. व्हलेटात त्यांच्यासाठी मोठा तुरुंग होता, रात्री तिथं कोंडायचे. १७४९ मध्ये त्यांनी उठावाचा कट केला, तो फुटला, आणि भयंकर शिक्षा झाल्या. गुलामगिरी बंद झाली ती १७९८ मध्ये नेपोलियन आल्यावर. व्हलेटाची ती सरळ रेषेत आखलेली गल्ल्या-गल्ल्यांची सुंदर रचना, ते लाकडी बंद सज्जे हिरवे लाल निळे, ती समुद्रातून थेट वर आलेली तटबंदी, हे बघताना त्या हातांची आठवण ठेवूनच बघितलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं. शहर त्यानं कमी सुंदर होत नाही, उलट जास्त जवळचं वाटतं.

सेंट जॉन को-कॅथीड्रल, म्हणजे व्हलेटातलं सरदारांचं मोठं चर्च, बाहेरून एकदम साधं, किल्ल्यासारखं. आत पाऊल टाकलं की सोनंच सोनं. भिंतीवरचं ते सगळं नक्षीकाम कुठून आणून चिकटवलेलं नाही, भिंतीच्याच मऊ दगडात जागेवर कोरून मग सोन्याचा वर्ख दिलाय. छत मातिया प्रेती या चित्रकारानं १६६१ ते १६६६ मध्ये रंगवलं, थेट दगडावर, तैलरंगात. जमिनीवर संगमरवराची रंगीत थडगी, सुमारे ४००, प्रत्येकावर सरदाराचं नाव, घराण्याचं चिन्ह, आणि पुष्कळ ठिकाणी सांगाडे आणि कवट्या, मरण विसरू नका म्हणून. टोकदार टाचांच्या चपला घालून आत सोडत नाहीत. मी खाली बघत बघतच चालत होते, एवढी नावं, आणि ती फरशी घोटून घोटून आरशासारखी करणाऱ्याचं नाव मात्र मला कुठं दिसलं नाही.

बाजूच्या प्रार्थनागृहात काराव्हाजो या इटालियन चित्रकाराचं चित्र आहे, संत जॉनचा शिरच्छेद, १६०८ चं. रुंदी ५ मीटरच्या वर, त्याचं सगळ्यात मोठं चित्र. हा माणूस रोममध्ये खून करून पळालेला, इथं आला, सरदारांनी त्याला आपल्यात घेतलं, आणि त्यानं हे चित्र काढलं, आणि जॉनच्या गळ्यातून सांडलेल्या रक्तातच आपली सही केली, सही केलेलं त्याचं हे एकच चित्र. मग परत मारामारी, तुरुंग, तिथून पलायन, आणि डिसेंबरात त्याच खोलीत, त्याच चित्रासमोर, सरदारांनी त्याला संघटनेतून काढून टाकलं. चित्रात अर्ध्याहून जास्त जागा रिकामी आहे, नुसती अंधारी भिंत, आणि उजवीकडे तुरुंगाच्या खिडकीतून दोन कैदी मान वाकडी करून बघतायत. आपण पण त्यांच्यासारखंच बघत असतो, काही करता येत नाही. इथं घाई करू नका. ग्रूपवाले पाच मिनिटांत निघतात, त्यांना जाऊ द्या.

म्दिना ही जुनी राजधानी, टेकडीवरचं तटबंदीचं गाव, गाड्या जवळजवळ नाहीत, संध्याकाळी टूरच्या बसेस गेल्यावर जा. मार्साश्लॉकच्या बंदरावर रंगीत होड्या, नाळेवर दोन्ही बाजूंना रंगवलेले डोळे, रविवारी मासळीबाजार, चांगला आहे, पण गर्दी फार. ज्या दगडी कमानीचे फोटो जगभर गेले ती गोझोची अझूर विंडो ८ मार्च २०१७ ला वादळात कोसळली, आता तिथं नुसतं पाणी आहे.

मोस्तावर मात्र मला सविस्तर बोलायचंय. हे बेटाच्या मधलं गाव, आणि गावाच्या मानानं अवाढव्य गोल चर्च, आतून घुमटाचा व्यास सुमारे ३७ मीटर. आराखडा केला ज्योर्जो ग्रोन्ये द व्हासे या माणसानं, रोमच्या पँथिऑन या प्राचीन घुमटाच्या देवळावरून, आणि तो रीतसर शिकलेला वास्तुविशारद पण नव्हता. काम १८३३ मध्ये सुरू झालं आणि पावणेतीन दशकं चाललं. गावात आधीपासून एक चर्च होतंच. ते न पाडता, त्याच्या भोवतीनं नवीन चर्च बांधायला घेतलं, म्हणजे आत जुन्या चर्चमध्ये रोजची प्रार्थना, लग्नं, बाप्तिस्मे चालूच आणि बाहेर भिंती वर वर चढतायत. घुमट पूर्ण झाल्यावर १८६० मध्ये आतलं जुनं चर्च उतरवलं. आणि राबलं कोण, तर गावकरी, रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी, फुकट. आठवडाभर शेतात किंवा खाणीत काम करून रविवारी परत दगड चढवायला यायचं, वर्षानुवर्षं. ज्यानं पोरगा असताना पहिला थर बघितला तो घुमट बंद होताना चाळिशीत असेल. मी त्या घुमटाखाली मधोमध उभी राहून वर बघत होते आणि मला माझ्या वडिलांची फार आठवण आली, त्यांना हे दाखवायला हवं होतं. ते अर्धा तास काही बोललेच नसते, नुसते थर मोजत बसले असते.

त्याच घुमटातून ९ एप्रिल १९४२ ला एक जर्मन बॉम्ब आत पडला. संध्याकाळच्या प्रार्थनेला अडीचशेहून जास्त माणसं आत होती. बॉम्ब घुमट फोडून आत आला, घरंगळला, आणि फुटला नाही. एकही माणूस गेला नाही. त्याची प्रतिकृती मागच्या खोलीत ठेवलीये, लोक तिच्याबरोबर फोटो काढतात. पण सगळीकडे असं नशीब नव्हतं. १९४० ते ४२ या काळात या बेटावर इतका बॉम्बवर्षाव झाला की सुमारे १५०० सामान्य नागरिक गेले, व्हलेटाचं ऑपेरा हाउस ७ एप्रिलला जमीनदोस्त झालं, खायला अन्न उरलं नाही. त्याच एप्रिलमध्ये इंग्लंडच्या राजानं आख्ख्या बेटाला जॉर्ज क्रॉस हे शौर्यपदक दिलं, ते अजून त्यांच्या झेंड्यावर आहे. ऑपेरा हाउसचे खांब तसेच ठेवून रेंझो पियानो या वास्तुविशारदानं तिथं उघडं थिएटर केलंय, शेजारी नवी संसद, दगडाचीच.

या बॉम्बवर्षावात लोकांना वाचवलं ते पण या मऊ दगडानं. प्रत्येक गावात लोकांनी खाली भुयारं खोदली. म्दिनाच्या शेजारच्या राबात गावातल्या विन्याकोर म्युझियमखाली तशी निवाऱ्याची जागा बघता येते, लांबच लांब बोगदा आणि दोन्ही बाजूंना एकेका कुटुंबाच्या खोल्या, एवढ्याशा. एका खोलीत जमिनीला नक्षीच्या फरशा बसवल्यात. वरती बॉम्ब पडतायत आणि खाली एक बाई म्हणतेय की फरशी बसवून घेऊ. मी भिंतीवर हात ठेवला तर टिकावाचे घाव जसेच्या तसे, तिरपे, एकाशेजारी एक. हायपोजियमच्या भिंतीवरचे घाव दगडाच्या आणि शिंगाच्या हत्यारांचे आणि हे लोखंडाचे, मधे पाच हजार वर्षं गेली, पण खोदणाऱ्याचा हात वरून खाली, उजवीकडून डावीकडे, तसाच चाललेला दिसतो.

आपला इथं काय संबंध असं कुणी विचारेल तर आहे. १८७८ मध्ये रशियाशी युद्ध होईल अशी भीती होती तेव्हा इंग्लंडचे पंतप्रधान डिझरायली यांनी सुमारे ७००० हिंदी सैनिक मुंबईहून जहाजांनी माल्टाला आणले होते, त्यात बॉम्बे आर्मीच्या पलटणी पण होत्या. लढाई झाली नाही, काही काळ तंबू ठोकून राहिले. पहिल्या महायुद्धात तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या लढाईतले जखमी इथं आणायचे, भूमध्य समुद्राची नर्स म्हणायचे या बेटाला, आणि इथं वारलेल्या काही हिंदी माणसांची नोंद पिएताच्या लष्करी दफनभूमीत आहे. व्हलेटात सिंधी व्यापाऱ्यांची दुकानं एकोणिसाव्या शतकापासून. आणि आता तर भाचीच्या वॉर्डात निम्म्या नर्सेस आपल्याकडच्या, बस चालवणारे आपले, मोटरसायकलवर जेवण पोचवणारे आपले.

आणि बांधकामावर पण. सगळीकडे क्रेन उभ्या आहेत, जुनी दोन मजली पिवळी घरं पाडून फ्लॅट्स होतायत, आणि ते बहुतेक सिमेंटच्या ब्लॉकचे. तिथल्या लोकांनाच याचं फार वाईट वाटतं, मला पण वाटलं. स्लीमाच्या किनाऱ्यावर एका ठिकाणी जुनं घर अर्धं पाडलेलं होतं, आतल्या जिन्याची कोरीव दगडी कडा उघडी पडलेली, आणि खाली सावलीत डबा खात बसलेली तीन पोरं, त्यातली दोघं बिहारची, एक नेपाळचं. मी थांबले, बोलले. एकजण म्हणाला, दीदी ये पत्थर बहोत नरम है, एक हथौड़े में टूट जाता है. पण सांगताना त्यानं एक तुकडा उचलून मला दाखवला, त्याच्यावर एक पानाची नक्षी होती, तो त्यानं वेगळा काढून ठेवला होता. का ठेवला मी विचारलं नाही.

गोझोला एका रस्त्याकडेला म्हातारा गवंडी शेताचा कोरडा बांध परत रचत होता, चुना नाही माती नाही, नुसता दगडावर दगड. हे बांध आता कायद्यानं संरक्षित आहेत. इंग्रजी सगळ्यांना येतं तिथं, त्यामुळे गप्पा झाल्या. त्यानं मला सांगितलं की दगड दोनदा उचलायचा नाही, हातात घेतला की त्याची जागा शोधायचीच. माझे वडील हेच म्हणायचे, अगदी याच शब्दांत नाही पण हेच. त्याच्या मुलाला हे काम नको होतं, तो ऑनलाईन गेमिंगच्या कंपनीत आहे, पण नातू शनिवारी येतो म्हणाला.

तर जाणार असाल तर हायपोजियमचं बुकिंग आधी करा, कित्येक आठवडे आधी, विमानाच्या तिकिटाच्या बरोबरच, कारण तिथं गेल्यावर मिळत नाही. जुलै-ऑगस्ट टाळा, ऊन सोसत नाही आणि देवळांच्या आसपास झाड नाही, मार्च-एप्रिलमध्ये शेतं हिरवी असतात. पुरातत्त्व म्युझियम देवळांच्या आधी बघा, नंतर नाही, म्हणजे कुठल्या कोनाड्यात काय होतं ते कळतं. तार्शीनचं देऊळ लोक वगळतात, वगळू नका, हायपोजियमपासून चालत जाण्याएवढं जवळ आहे, आणि ते सापडलं ते सुद्धा एका शेतकऱ्यामुळे, नांगराला सारखे मोठमोठे दगड लागतायत अशी तक्रार घेऊन तो झामितांकडे गेला म्हणून. तिथं पायाशी मोठाल्या दगडी गोट्या पडलेल्या दिसतील, त्यांच्यावरून शिळा सरकवत नेत असावेत असं म्हणतात. आणि हात लावू देतील तिथं दगडाला हात लावा, लावू देणार नाहीत तिथं लावू नका, तो खरंच मऊ आहे.